सातारा ते सांगली: वाटेवरचं खाणं कसं शोधावं, कसं मागवावं

पुण्याहून निघालेल्या बहुतेक गाड्या खंबाटकी ओलांडल्या की महामार्गावरच्या एखाद्या मोठ्या फूड मॉलला थांबतात. तिथं इडली, डोसा, पनीरची भाजी, वडापाव सगळं मिळतं, स्वच्छतागृह बरं असतं, गाडी लावायला जागा असते. पाय मोकळे करायला जरूर थांबा. पण त्या ताटात सातारा जिल्हा कुठंच नसतो. तो चाखायचा असेल तर महामार्ग सोडून पाच-दहा किलोमीटर आत वळावं लागतं, आणि कधी, कुठं वळायचं हे आधी ठरवलेलं असावं लागतं.

या भागात काय खायचं हे पाऊस ठरवतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या माण, आटपाडी या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाचशेच्या आसपास पडला तरी लोक समाधानी असतात. डोंगरात भात आणि नाचणी, मधे कृष्णाकाठी ऊस, हळद आणि वांगी, पूर्वेला ज्वारी, बाजरी, हुलगा म्हणजे कुळीथ, द्राक्ष. इतक्या कमी अंतरात ताट इतकं बदलतं, म्हणूनच हा प्रवास खाण्यासाठी करण्यासारखा आहे. महाबळेश्वरला जाऊन तांबडा रस्सा शोधायचा आणि सांगलीत स्ट्रॉबेरी, असं केलं तर दोन्हीकडं दुय्यम माल पदरात पडतो. जिथं जे पिकतं तिथं ते खा. पुढची सगळी आखणी याच एका गोष्टीवर आहे.

आधी महिना, मग वार, मग रस्ता

जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ मी सगळ्यात वर ठेवेन. स्ट्रॉबेरी भरात असते, ज्वारीचा हुरडा निघालेला असतो, गुऱ्हाळं चालू असतात, तासगाव-मिरजेकडं द्राक्षं उतरायला लागलेली असतात आणि वांग्याला थंडीची चव असते. पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या डोंगरात कास, ठोसेघर, बामणोलीच्या बाजूला गरम पिठलं-भाकरीची मजा वेगळीच, पण तेव्हा हुरडा नाही, गुऱ्हाळ नाही. एप्रिल-मेमध्ये गावोगावच्या यात्रा असतात. कुणी ओळखीचं यात्रेच्या जेवणाला बोलवत असेल तर बाकी सगळं रद्द करून जा. ते मटण कुठल्याच हॉटेलात मिळत नाही.

वाराकडं बाहेरची मंडळी लक्ष देत नाहीत. आमच्याकडं मटण खायचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत पाळले जातात, त्यामुळं त्या दिवशी खानावळीत खप कमी असतो. ताजं मटण हवं असेल तर मुक्काम अशा हिशेबानं करा की बुधवारी किंवा रविवारी दुपारी तुम्ही सांगलीच्या बाजूला असाल. श्रावणात तर मांसाहारी खानावळी थंडच असतात, काही चक्क बंद राहतात.

रस्ता तीन दिवसांचा धरा. पहिल्या दिवशी सुरूर फाट्यावरून वाई, पसरणी घाट चढून पाचगणी, भिलार, महाबळेश्वर आणि केळघर घाटानं मेढा करून साताऱ्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी महामार्गानं कराड, पेठ नाक्यावरून आत वळून इस्लामपूर, म्हणजे आताचं ईश्वरपूर, आष्टा आणि सांगली-मिरज. तिसऱ्या दिवशी तासगाव, विटा, आटपाडी, म्हसवड, दहिवडी असं पूर्वेकडून परत. दोनच दिवस असतील तर महाबळेश्वर सोडा. तिथं लोक एरवीही जातात. आटपाडी-म्हसवडच्या रस्त्याला मुद्दाम कुणी जात नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात प्रामाणिक जेवण तिथंच आहे.

पोटाचा हिशेब

दिवसात पाटावर बसल्यासारखं पोटभर जेवण एकच. बाकी सगळी चव घेणं. हे पाळलं नाही तर पहिल्या दिवशी संध्याकाळीच खाण्याचा कंटाळा येतो आणि दुसऱ्या दिवशीचा अख्खा मसूर नुसता बघायचा राहतो. चौघं असाल तर सकाळी मिसळीच्या दोन प्लेट घ्या, चार नको. दुपारी जेवण नीट करा. संध्याकाळी भेळ, भडंग, पेढा असं हलकं. रात्री ताक-भात किंवा दूध पुरतं.

गाडी चालवणाऱ्यानं दुपारी भाकरी एक कमीच खावी. मटण-भाकरी खाऊन पेठ नाक्यापासून सरळ रस्त्याला लागलं की डोळा लागतो, हे मी अतिशय गंभीरपणे सांगतो आहे. जेवणानंतर अर्धा तास झाडाखाली काढा, मग निघा. आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी वाईत मिसळ खाऊन पसरणी घाट चढू नये. त्यांनी वर पोहोचून खावं.

जागा कशी ओळखायची

तालुक्याच्या गावात शिरलं की एसटी स्टँड, मार्केट यार्ड आणि तहसील कचेरी या तीन ठिकाणांच्या आजूबाजूला बघा. इथं रोज तीच माणसं जेवतात: कंडक्टर, हमाल, अडत्ये, कामासाठी आलेले शेतकरी. रोजच्या गिऱ्हाईकाला वाईट खायला घालून कुणाची खानावळ चालत नाही. प्रवासी एकदाच येतो, त्यामुळं नुसत्या प्रवाशांवर चालणाऱ्या जागेला ही भीती नसते.

विचारायचं कुणाला, यापेक्षा कसं विचारायचं हे महत्त्वाचं. "इथं चांगलं जेवण कुठं मिळेल?" असं विचारलं की समोरचा तुमची गाडी आणि कपडे बघून एसी फॅमिली रेस्टॉरंटचं नाव सांगतो. त्याला वाटतं, पाहुण्यांची गैरसोय नको. म्हणून असं विचारा: "दादा, तुम्ही स्वतः दुपारी कुठं जेवता?" पंक्चर काढणारा, पेट्रोल पंपावरचा पोरगा, खताच्या दुकानातला माणूस, यांचं उत्तर खरं असतं. दोघांनी एकच नाव घेतलं की पुढं विचारत बसू नका.

आत गेल्यावर फळा बघा. चार-पाचच पदार्थ लिहिले असतील तर उत्तम. मटण थाळीबरोबर मंचुरियन आणि पिझ्झाही असेल तर पाणी पिऊन बाहेर पडा. मग भाकरीकडं बघा. भाकरी मागणीनुसार थापली जाते आहे की टोपलीत फडक्याखाली रचून ठेवली आहे? चांगल्या खानावळीत भाकरीवाल्या मावशींची परात दिसते किंवा निदान थापण्याचा आवाज येतो. थापलेल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरतो, ती तव्यावर उलटते आणि शेवटी जाळावर टम्म फुगते. ताटात आली की पापुद्रा बोटानं उचला. आतून वाफ आली आणि कडा चिरलेली नसली तर पीठ ताजं आहे. जुन्या पिठाची भाकरी थापतानाच तुटते आणि चवीला कडवट लागते. ज्या जागी भाकरी अशी सांभाळतात तिथं कालवण सहसा बिघडत नाही.

मोबाईलवरच्या ताऱ्यांचा उपयोग वेळ आणि सुट्टीचा वार बघण्यापुरता करा. लोकांनी टाकलेले ताटांचे फोटो मात्र जरूर बघा. रस्सा कसा दिसतो, भाकरी केवढी, ताटं स्टीलची की प्लास्टिकची, हे त्यातून कळतं.

वेळेचंही तसंच. मिसळ सकाळची. अकराच्या पुढं गेलात तर तळाचा कट मिळतो. खानावळीतलं जेवण साडेबारा ते दोनमध्ये सगळ्यात चांगलं. तीनला गेलात तर मटण संपलेलं असतं किंवा पुन्हा उकळून दाट झालेलं.

मागवताना

बसल्या बसल्या ऑर्डर देऊ नका. आधी विचारा, "मावशी, आज काय ताजं केलंय?" बऱ्याचदा फळ्यावर नसलेली एखादी गोष्ट असते, पावट्याची उसळ, अंबाडीची भाजी, मेथीचं पिठलं. ती आधी घ्या.

थाळीत रस्सा बहुतेक ठिकाणी हवा तेवढा मिळतो, सुकं मटण मोजून मिळतं, जादा भाकरीचे वेगळे पैसे. सगळ्यांनी पूर्ण थाळी घेण्यापेक्षा दोघांनी घ्यावी आणि बाकीच्यांनी सुटी भाकरी-भाजी, असं चालतं का ते आधीच विचारा. नाही म्हणाले तर घासाघीस करू नका. हवा तेवढा रस्सा द्यायचा आणि एका ताटात चौघं जेवायचे, हे त्यांना परवडत नाही.

तिखटाची भीती अनेकांना असते. इथल्या स्वयंपाकाचा कणा कांदा-लसूण मसाला आहे, चटणीच म्हणतात त्याला. वर्षाची चटणी उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, कुटून ठेवतात. मिरची, धने, खोबरं, तीळ, भाजलेला कांदा, लसूण असं बरंच काही असतं तिच्यात, त्यामुळं नुसतं तिखट लागत नाही, खमंगही लागतं. "तिखट कमी करा" असं सांगून उपयोग नाही, रस्सा सकाळीच झालेला असतो. त्यापेक्षा अळणी रस्सा आधी मागा. मटण शिजलेलं ते बिनतिखटाचं पाणी लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना भाताबरोबर फार आवडतं. मोठ्यांनी तांबड्यात तो थोडा मिसळून जुळवून घ्यावा. मिसळीलाही हेच. कट सगळा एकदम ओतू नका. आधी मटकी-फरसाण, त्यावर दोन पळ्या, चव बघून पुढं. दही आणि कच्चा कांदा जवळ असू द्या. पाण्यानं तोंडाची आग जात नाही, दह्यानं जाते.

वाई ते सातारा

वाईला सकाळी लवकर पोहोचा. ढोल्या गणपतीसमोरच्या घाटावर थोडं बसा, नाश्ता करा, मग घाट चढा. पाचगणीच्या पुढं भिलार हे पुस्तकांचं गाव स्ट्रॉबेरीचंही गाव आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. विकत घेताना आकार बघू नका, देठाखालचा भाग बघा. तिथपर्यंत लाल असेल तर फळ झाडावर पिकलेलं आहे. पांढरी मान असलेलं फळ लांबच्या बाजारासाठी आधीच तोडलेलं असतं, ते गोड होत नाही. खोक्यातली वरची ओळ नेहमीच छान असते, तेव्हा खोकं तिरपं करून खालचीही बघा. क्रीमबरोबर खायची असेल तर खा, पण पहिली चार फळं नुसती खा. शेतात शिरायचं असेल तर विचारून. बहुतेक शेतकरी आनंदानं दाखवतात.

महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला 2022 पासून मधाचं गाव म्हणून ओळख मिळाली आहे. मध घ्यायचाच असेल तर तिथं जाऊन घ्या.

आता कास, बामणोली, ठोसेघर. या बाजूला छोट्या छपरांखाली घरची माणसंच जेवण करतात. नियम एकच: जाताना सांगून जा, येताना जेवा. "वहिनी, चौघं आहोत, दीडपर्यंत येतो, नाचणीची भाकरी आणि पिठलं करून ठेवा," एवढं सांगितलं की तुम्हाला चुलीवरचं गरम मिळतं आणि त्यांचं अन्न वाया जात नाही. सांगितलंत तर वेळेवर या. येणार नसाल तर फोन करून कळवा. चौघांच्या भाकऱ्या उरल्या तर त्या घराचा दिवसाचा नफा गेला.

साताऱ्यात कंदी पेढा. खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजलेला, साखर बेताची, दिसायला साधा, वर केशर-पिस्त्याची सजावट नाही. चांगला पेढा मोडल्यावर रवाळ तुटतो, बोटाला तुपाचा हात लागतो आणि भाजलेल्या दुधाचा वास येतो. दाताला चिकटला किंवा आधी साखरच लागली तर खवा नीट भाजलेला नाही. दुकानात एक चाखायला मागा, देतात. अर्धा किलोच्या वर घेऊ नका. चार दिवसांनी तो टणक होतो आणि मग त्याची ती मजा राहत नाही.

कराड, इस्लामपूर आणि अख्खा मसूर

कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, तिथं थोडं थांबा. मग जेवायला अख्खा मसूर. कराडपासून इस्लामपूरपर्यंतच्या ढाब्यांवर हा पदार्थ मिळतो आणि इकडच्या माणसाला तो परगावी गेल्यावर आठवतो. न सोललेला, न भरडलेला मसूर. कांदा, टोमॅटो, भरपूर लसूण आणि कांदा-लसूण मसाला. बस्स. सगळं कसब शिजवण्यात आहे. दाणा अख्खा दिसला पाहिजे आणि बोटानं दाबला की लोणी झाला पाहिजे. फुटून वरण झालं असेल तर ते मसुराची आमटी आहे. वर तेलाचा तांबडा पातळ थर, खाली दाटसर रस, आणि कडेला लसणाच्या तुकड्यांचा वास. याबरोबर मोठी पातळ रोटी येते. ती घ्या, इथं भाकरीचा हट्ट नको. दोघांत एक प्लेट मसूर आणि तीन रोट्या पुरतात, सोबत दही, कांदा, लिंबू. काही ठिकाणी वरून लोण्याचा गोळा टाकून देतात. मला तो आवडत नाही. मसुराची मातकट चव लोण्याखाली दबते, म्हणून आधीच "लोणी नको" सांगा.

हिवाळ्यात या पट्ट्यात रस्त्याकडेला धूर आणि गोड वास आला की गुऱ्हाळ आहे असं समजा. गाडी बाजूला लावून विचारा. काहिलीतून गूळ निघण्याच्या वेळी गेलात तर गरम गूळ आणि काकवी मिळते. काकवीची बाटली घरी न्या, भाकरीबरोबर पोरं आवडीनं खातात. काहिलीच्या जवळ मुलांना मात्र जाऊ देऊ नका.

आष्टा, पलूस, औदुंबर हा कृष्णाकाठ. इथलं वांगं भरून करतात, शेंगदाण्याचं कूट, तीळ, चटणी घालून. काळ्या मातीतलं हे वांगं बी कमी, गर जास्त असं असतं आणि शिजल्यावर लोळागोळा न होता तोंडात विरघळतं. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी आणि भरलं वांगं हे शाकाहारी माणसासाठी या प्रवासातलं सगळ्यात मोठं जेवण आहे. ते साध्या खानावळीत मिळतं, ढाब्यावर क्वचित.

सांगली-मिरज

सांगलीत संध्याकाळी पोहोचा. कृष्णेकाठच्या गणपती मंदिरात जाऊन या आणि मग भेळ खा. भडंग घ्यायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडल्यावर. भडंगाचे चुरमुरे टपोरे असतात. लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे आणि तिखट तेलात परतून त्यात ते घोळवतात. हातात घेतल्यावर बोटं लाल व्हावीत पण तेल ओघळू नये. विकत घेण्याआधी चार दाणे चावून बघा, कुरकुरीत आवाज आला पाहिजे. गाडीत खायचा असेल तर वर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू पिळून लगेच संपवा. घरी न्यायचा असेल तर कांदा लावू नका.

हळदीसाठी सांगलीची पेठ जुनी. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. जवळच्या हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद साठवत असत, 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. पूड घेण्यापेक्षा हळकुंडं घ्या आणि घरी दळून आणा. हळकुंड मोडलं की आत गडद केशरी रंग दिसला पाहिजे.

मटणाचं जेवण इथं, बुधवार-रविवार साधून. सुकं, तांबडा, पांढरा, अळणी. कोल्हापूरकरांशी कुणी वाद घालू नये, पण सांगलीतला तांबडा रस्सा थोडा सौम्य आणि मसाल्याला पुढं असतो, असं माझं मत आहे.

पूर्वेचा रस्ता

तासगावच्या पुढं द्राक्षबागा आणि शेडनेटखाली जाळ्यांवर वाळत टाकलेला बेदाणा दिसतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्याचा काळ. हिरवट सोनेरी, एकसारखा, देठ काढलेला बेदाणा घ्या. फार चकचकीत असेल तर दोन दाणे कोमट पाण्यात टाकून बघा. पाण्यावर तेलाचा तवंग आला तर तो घेऊ नका.

आटपाडी, म्हसवड, दहिवडीकडं हॉटेलं कमी, अंतर जास्त. पाणी भरून घ्या आणि जेवणाची वेळ चुकवू नका. इथं बाजरीची भाकरी, खर्डा, दही, हुलग्याची शेंगोळी मागा. शेंगोळी म्हणजे हुलग्याच्या पिठाचे हातानं वळलेले तुकडे, लसणाच्या तिखट पाण्यात शिजवलेले. दुष्काळानं शिकवलेला पदार्थ आहे तो. भाजी नसताना पीठच भाजी झालं. हुलग्याचं माडगं, म्हणजे पिठाची पातळ पेज, हीही अशीच, थंडीत पोटाला ऊब देणारं. हे फळ्यावर लिहिलेलं नसतं. सकाळी फोन करून सांगितलं तर घरगुती खानावळवाले आनंदानं करून देतात, कारण परगावच्या माणसानं शेंगोळी मागितली याचंच त्यांना अप्रूप वाटतं. त्या ताटात काही टाकू नका, आधी थोडंच वाढून घ्या.

जानेवारीत शेताच्या बांधावर हुरड्याची आगटी दिसली तर थांबून विचारा. पैसे देऊन मिळतो. कणीस गोवरीच्या निखाऱ्यात भाजायचं, हातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर गरम तोंडात टाकायचं. हुरडा खाल्ल्यावर वर पाणी ढोसू नका, पोट फुगतं. ताक घ्या.

गाडीतली तयारी

झाकणाचे दोन स्टीलचे डबे, चार वाट्या, चमचे, सुरी, लिंबं, एक जुनं वर्तमानपत्र आणि हात पुसायला ओलं फडकं. पाणी स्वतःचं. चिरून ठेवलेली फळं, उघड्यावरची चटणी आणि बर्फ घातलेला उसाचा रस टाळा. रस प्यायचाच असेल तर बिनबर्फाचा, समोर काढलेला. गरम आणि समोर शिजलेलं सहसा बाधत नाही. ओआरएसची पाकिटं आणि ओव्याची पुडी जवळ असू द्या. सुट्टे पैसे ठेवा. मोबाईलनं पैसे बहुतेक ठिकाणी चालतात, पण बामणोलीच्या बाजूला आणि माणच्या आतल्या गावांत रेंज दगा देते.

घरी न्यायच्या वस्तू उलट्या क्रमानं विचारात घ्या. स्ट्रॉबेरी पहिल्या दिवशी घेऊन तीन दिवस डिकीत ठेवली तर तिचा लगदा होतो. नेमकी तीच न्यायची असेल तर रस्ता उलटा करा: आधी पूर्व, मग सांगली, शेवटी महाबळेश्वर. तशीच, न धुता, खोक्यात कागद घालून, पायाशी सावलीत ठेवा. बेदाणा, हळद, काकवी, भडंग कितीही फिरवा. पेढा परतीच्या वाटेवर साताऱ्यात थांबून घ्यावा.